कौसाबाईची हिरवी चिंधी

“आणि कौसाची चिंधी कुठाय रे?”

भागूमाईंनी हे विचारलं तेव्हा रंगनाथ शेवटचा दोरा दाताने तोडत होता. दोरा तुटला.

“हाय की, माई.”

“कुठं?”

“गोधडीत.”

“गोधडीतच असंल, भाकरीच्या टोपल्यात कशाला जाईल... मला दिसंना, म्हणून इचारलं.”

टेकडीवरच्या त्या मठाची रीत जुनी होती. मूळ महाराजांच्या पुण्यतिथीला गावातलं प्रत्येक घर आपल्या जुनेराची एक चिंधी देई. सगळ्यांची मिळून एक गोधडी होई आणि ती समाधीवर चढे. मधोमध मात्र गादीवर बसलेल्याच्या भगव्या वस्त्राचा चौकोन असे. गेली एकतीस वर्षं तो भागूमाईंच्या लुगड्याचा होता. माई आता थकल्या होत्या. पुढच्या वर्षी तिथे आपल्या छाटीचा तुकडा बसणार, हे रंगनाथने मनातल्या मनात केव्हाच शिवून टाकलं होतं.

तो मूळचा शिंप्याचा मुलगा. त्याचा धावदोरा मुंग्यांच्या रांगेसारखा सरळ जाई, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी पक्की दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. माईंची नजर अधू झाल्यापासून गोधडी त्याच्याकडेच आली होती.

माईंनी गोधडी मांडीवर ओढली. एकेक चिंधी डोळ्यांशी नेऊन पाहिली.

“कौसानं हिरवी दिलेली. लेकीच्या लग्नात नेसलेल्या लुगड्याची... हिरवं तर वर कुठंच न्हाई.”

रंगनाथने घसा साफ केला. या प्रश्नाचं उत्तर तो आठ दिवस घोळवत होता.

“वर न्हाई, आत हाय. मधल्या थरात. माई, तुमीच सांगता ना, वरचा थर नजरेसाठी, आतला थंडीसाठी? ऊब आतलाच थर देतो. मग आत काय नि वर काय? उलट कौसाबाईला मी मानाची जागा दिली.”

बोलून झाल्यावर त्याला आपलंच कौतुक वाटलं. गुरूचं वाक्य गुरूलाच ऐकवायला मिळणं काही रोजचं नसतं.

माई हसल्या.

“तात्याबा आला व्हता का?”

रंगनाथचं कौतुक जागच्या जागी विरलं.

तात्याबा पाटील आला होता. कौसाबाईच्या लेकीने जातीबाहेर लग्न केलं. आईने तिला कोंडून ठेवायचं, तर ही बाई मांडवात उभी राहून अक्षता टाकून आली. पंचांनी ते घर वाळीत टाकलं. दोन वर्षं झाली, तिच्या दारात कुणी पाऊल ठेवत नव्हतं आणि पाणवठ्यावर तिच्याशी कुणी शब्द बोलत नव्हतं. तात्याबा त्या पंचांचा म्होरक्या. त्याने रंगनाथला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं, तिची चिंधी समाधीवर दिसली तर पुन्हा गाव ही टेकडी चढणार नाही. आणि गावच आलं नाही, तर तुला गादीवर बसवणार कोण?

“माई, सगळं गाव तुटंल... एका चिंधीपायी.”

“नेमकी कुठं घातलीस?”

“तुमच्या भगव्याखाली. तिथं कुणी उचकायला जाणार न्हाई म्हणून.”

“हुशार हायेस.”

रंगनाथने सुटकेचा श्वास घेतला.

“कात्री दे,” माई म्हणाल्या.

त्यांनी भगव्या चौकोनाच्या कडेला कात्री लावली. कच्... कच्... दोरे सुटू लागले.

“माई! दोन म्हैन्यांचं काम हाय ते!”

“व्हय. लई सरळ घातलायस दोरा. उसवायला सोपा जातोय.”

रंगनाथच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने सुयांची डबी जमिनीवर आपटली.

“मग घ्या तुमचं तुमी शिवून! मी मठ वाचवायला बघतोय, आन् तुमी... उद्या रिकाम्या टेकडीवर बसा गोधडी पांघरून!”

माईंनी मान वर केली नाही. कात्री चालत राहिली.

तो तरातरा दाराशी गेला. उतारावर टाळ वाजत होते. पुढे तात्याबा, मागे सगळं गाव, बाया, म्हातारे, नवे कपडे घातलेली पोरं. आणि खाली वळणावर, गावापासून चांगलं पन्नास पावलं अंतर ठेवून, एक बाई उभी होती. सगळे वर जाईपर्यंत ती थांबणार होती.

रंगनाथला ती चिंधी घेतली तो दिवस आठवला. बाकीच्या घरांनी विरलेलं, डागाळलेलं पुढे केलं होतं. कौसाबाईने त्याच्यासमोर पेटी उघडली आणि लुगड्याच्या चांगल्या पदरावर कात्री चालवली. “आता कुठं नेसायचंय मला हे,” ती म्हणाली होती. “समाधीवर सगळ्यांसंगं ऱ्हाईल तरी.” तो “बरं” म्हणाला होता. आता ते “बरं” आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

मागे वळून पाहतो तर माईंनी हिरवी चिंधी वर काढून मधोमध ठेवली होती. दोरा सुईत घालायचा प्रयत्न चालला होता. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला... तिसऱ्यांदाही.

आपल्या छाटीची जागा त्याला समोर दिसत होती. ती आता हिरवी झाली होती.

टाळ जवळ आले.

रंगनाथ खाली बसला. सुई माईंच्या हातातून घेतली, दोरा ओवला आणि हिरव्याची कड दुमडून शिवायला लागला. घाईत दोरा वाकडा जात होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो उसवला नाही.

तात्याबा दारात आला तेव्हा तो शेवटची गाठ मारत होता. मागचे टाळ एकेक करून थांबले.

“ही चिंधी काढा,” तात्याबा म्हणाला. “न्हाईतर गाव हितनंच माघारी फिरंल.”

“फिरू दे,” माई म्हणाल्या. “गोधडी हितंच हाय. थंडी वाजंल तवा येतील.”

कुणी हललं नाही. मागे एका म्हातारीने पदर तोंडाला लावला... हसू दाबायला की काय, कळलं नाही.

तात्याबाची नजर रंगनाथकडे गेली. रंगनाथने सुई खाली ठेवली, पण मान खाली घातली नाही.

“माई, गावाचा मान ठेवायचा नसंल तर नका ठेवू,” तात्याबा दात खात म्हणाला. “पर निदान मठाचा तरी ठेवायचा. भगवा कुठाय?”

“हाय की.”

“कुठं?”

माईंनी हिरव्या चिंधीवरून हात फिरवला.

“आत. ऊब आतलाच थर देतो म्हनं, तात्याबा... इचार की आमच्या रंगनाथला.”