पडद्यावरचं उपरणं

एकदा एक वृद्ध ग्रंथपाल आपल्याच वाचनालयात खोटं बोलले. गावात हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, आणि वाचनालयातला एकुलता एक संगणक त्यांनी आजवर कुणालाही नाकारला नव्हता.

त्यांच्याकडे मोडी लिपी शिकणारी एक शिष्या होती. त्या सकाळी ती संगणकावर आपली मेल उघडून बसली होती. बाहेरून मैत्रिणीची हाक आली, तशी ती उठली आणि निघून गेली. अर्ध्या वाटेत तिला आठवलं. मेल उघडीच राहिली होती! दूरच्या शहरात जुनी कागदपत्रं वाचण्याची नोकरी तिने स्वीकारली होती. मावसबहिणीला तसं कळवणारं पत्र पडद्यावर होतं, आणि घरी तिने अजून चकार शब्द काढला नव्हता.

ती धावत परतली आणि दारातच थबकली. गुरुजी संगणकाकडे पाठ करून बसले होते. पडद्यावर त्यांचं उपरणं होतं. समोर तिचे वडील पेन्शनचे कागद घेऊन उभे होते.

"कम्प्युटर बिघडलाय," गुरुजी म्हणाले.

"म्हणजे या उन्हात तालुक्याला जाणं आलं," वडील पुटपुटले. लेकीकडे पाहून हसले आणि एसटीच्या थांब्याकडे निघाले.

शिष्या खजील झाली, थोडी चिडलीही. "गुरुजी, लॉगआउट केलं असतंत की झालं असतं."

"तेच करायला वळलो, तर नजर तुझ्या पत्रावर गेली. 'बाबांना अजून सांगितलेलं नाही,' एवढी ओळ वाचून झाली. तेवढ्यात तुझे वडील दारात आले, म्हणून घाईने उपरणं टाकलं." गुरुजी पुढे म्हणाले, "चोरांची भीती मी तुला घालत नाही. इथे येतात ती भली माणसंच. पण पंगतीतून उठताना आपण आपलं उष्टं पान उचलतो, ते काय चोराच्या भीतीने? तू तशीच उठून गेलीस, आणि तुझी राखण माझ्या गळ्यात आली. सत्तरी ओलांडली मी, तरी माझे डोळे मला आवरले नाहीत. वर तुझ्या वडिलांशी खोटं बोललो. त्यांच्या तोंडाकडे बघवेना गं."

शिष्येला फार वाईट वाटलं. तिने उपरणं उचललं, लॉगआउट केलं, पुन्हा एकदा तपासलं. उपरण्याची घडी गुरुजींच्या हाती देऊन ती थांब्याकडे गेली.

"बाबा, चला परत. कम्प्युटर चांगला आहे. गुरुजी माझ्यासाठी तसं बोलले. का, ते वाटेत सांगते."

वाचनालय पाच मिनिटांवर होतं. त्या दोघांना पोहोचायला तास लागला. तोवर गुरुजींनी ती खुर्ची रिकामी ठेवली होती.