गोड लागेस्तोवर

"...पण मंत्र देणार कधी, माई?"

केळसकरांची ही तिसरी खेप. दर खेपेला नऊशे पायऱ्या. खाली गावात त्यांचा एन्झाइम बनवायचा भलामोठा कारखाना, आणि पोटात जळजळ अशी, की ढेकर दिला तर काडी न लावता चूल पेटावी.

गडावरच्या चंद्रामाईंनी ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा पुढे केला.

"चाव. गोड लागेस्तोवर गिळायचं नाही. मग मंत्र."

केळसकरांना हसूच आलं.

"एवढंच? अहो, लाळेत एन्झाइम असतं. पिठातल्या स्टार्चची साखळी ते तोडतं, तिच्यातून साखर सुटते. आमच्याकडे तसलं एन्झाइम पिंपंच्या पिंपं भरून निघतं. नव्या कापडाची खळ काढायला नेतात, पावाच्या पिठात घालतात..."

"तुकडा कुठाय?"

"...गिळला."

दुसरा तुकडा.

तीस वेळा चावून झालं. मग राहवेना.

"गंमत म्हणजे माई, एवढं तोडूनही ते स्वतः संपत नाही. एक काम झालं की दुसऱ्याला भिडतं. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो, घाई केली की..."

"गेला?"

"गेला!" केळसकर खेकसले. "मला खाली मीटिंग आहे, माई. ज्या विषयात मी डॉक्टरेट केली, त्याची परीक्षा तुम्ही भाकरीवर घेणार?"

माईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे बाबा, देवानं तोंड एकच दिलंय. त्यात भाकरी तरी ठेव, नाहीतर कारखाना तरी!"

टोपलीतला शेवटचा तुकडा माईंच्या दुपारच्या जेवणाचा होता. तोही त्यांनी केळसकरांच्या हातावर आपटला.

केळसकर दात खाऊन चावू लागले. फोन वाजला... वाजून थांबला. एक माकड समोर बसून त्यांच्या जबड्याकडे बघत राहिलं, आणि शेवटी तेही कंटाळून गेलं.

अचानक जबडा थांबला.

"माई... गोड! अहो, खरंच गोड लागतंय!"

छप्पन्न वर्षांचा माणूस, पण आवाज पहिलीतल्या पोराचा.

"साखर कुणी घातली?"

"कुणीच नाही. ती भाकरीतच होती." केळसकरांनी लगबगीनं हात जोडले. "आता द्या मंत्र."

माई टोपली झटकत उठल्या.

"मग मघापासून माझ्याकडे काय मागतोयस?"