दाराखालची फट

“सर, भीती वाटली की नाही, एवढंच सांगा.”

 मुजावर सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“बाकीच्यांच्या सिनेमांवर किती बोललात. माझ्यावर एक शब्द नाही.”

“तबस्सुमच्या हातातला चहा सांडला. बघितलं मी.”

“मग?”

“चहा तिचा सांडला. तू मला विचारतोयस.”

 शार्दूल मगदूमचा पाय हलत राहिला.

दस्तगीर मुजावर यांनी उभं आयुष्य इतरांचे सिनेमे कापण्या-जोडण्यात घालवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते मिरजेला परतले. सतारीच्या दुकानावरच्या खोलीत शनिवारी दुपारी शिकणारी तीन मुलं जमत. फी नव्हती. फळा नव्हता. एक पडदा, एक टेबल, आणि खालून अधूनमधून तारा लावल्याचा आवाज.

या खेपेला सगळ्यांनी एका स्पर्धेसाठी छोटे भयपट केले होते. संध्याकाळी सहापर्यंत ते इंटरनेटवरून पाठवायचे होते. त्याआधी सरांना दाखवायला मुलं आली होती.

दिगंबरला सर म्हणाले होते, “विहीर छान टिपलीस. पाणी दिसत नाही, पण खाली आहे हे कळतं. पण भूत पहिल्याच मिनिटाला आणलंस. पाहुणा एकदा घरात येऊन बसला की त्याची भीती कसली? नुसती सरबराई.”

तबस्सुमला म्हणाले, “रिक्षाच्या आरशात मागं कुणी नाही, तरी सीट दबलेली... हे कुणाला सुचत नाही. मग शेवटी त्या म्हाताऱ्याकडून सगळं समजावून का घेतलंस? उलगडा झाला की माणूस झोपायला मोकळा.”

दोन्ही वेळा शार्दूल गालात हसला होता. मग त्याचा सिनेमा लागला. खोलीत कुणी हललं नाही. संपल्यावर सर एवढंच म्हणाले होते, “बाकीच्यांनी निघा. शार्दूल, थांब.”

आता खोलीत दोघंच होते.

“पुन्हा लाव,” सर म्हणाले. “आवाज चालू दे.”

शार्दूलनं लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला.

सिनेमात एक बाई आहे. सकाळी स्वयंपाकघरात गॅसजवळ उभी आहे. मुलगा आंघोळीला जातो. बराच वेळ होतो. ती बोळकांडीत येऊन दार वाजवते. आतून कडी आहे. उत्तर नाही. ती हाका मारते. आधी सहज, मग रागानं, मग वेगळ्याच आवाजात. तिच्या मागं, बोळकांडीच्या टोकाला, एक काळा उंच माणूस उभा असतो. प्रत्येक हाकेला तो एक पाऊल पुढं येतो.

तिथं सरांनी हात उचलला. पंजा उघडून स्क्रीनवर ठेवला. काळा माणूस त्यांच्या तळव्याखाली गेला.

उरली फक्त बाई. आणि दार.

“शार्दूल... अरे शार्दूल... बाळा, कडी काढ...”

शार्दूलनं नकळत खुर्ची मागं घेतली.

“आता?” सरांनी विचारलं.

“...जास्त वाटते.”

“काय?”

“भीती.”

सरांनी हात काढला नाही. “ही बाई कोण?”

“आई.”

“नाटकात काम करते?”

“छे. बालवाडीत शिकवते.”

“हा आवाज अभिनयाचा नाही.”

शार्दूलचा चेहरा उजळला. याच प्रश्नाची तो दुपारपासून वाट बघत होता. “तेच तर जमलंय, सर! तिला माहीतच नव्हतं. गॅसजवळचा तेवढा सीन तिनं हौसेनं केला. मग मी म्हणालो, झालं तुझं काम. मी आंघोळीला जातो. एक मोबाइल बोळकांडीत कपाटावर ठेवला होता, एक आत, फरशीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात. आणि कडी लावून गप्प राहिलो.”

पुढचा शॉट आला. कॅमेरा आत, जमिनीलगत. दाराखालची फट. फटीत उजेडाची पट्टी. मग त्या पट्टीत एक गाल टेकला, आणि एक डोळा आत शोधू लागला.

सरांनी तिथंच सिनेमा थांबवला.

“तिला तुझे पाय दिसले असते.”

“बादली उपडी घातली. तिच्यावर उभा राहिलो.”

“हललाही नाहीस?”

“नाही.”

“मग दार कधी उघडलंस?”

“ती शेजाऱ्यांना बोलवायला उठली, तेव्हा नळ सोडला. म्हणालो, कानात हेडफोन होते, काही ऐकू आलं नाही. ती काही बोलली नाही... भाजी करपली होती, ती काढायला गेली.”

खाली कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं. सूर लागत नव्हता.

“शार्दूल, तुझे वडील कसे गेले?”

“सर, त्याचा इथं...”

“कसे गेले?”

“...हार्ट अटॅक.”

“कुठं?”

शार्दूल स्क्रीनकडं बघत राहिला. तो डोळा फटीतून त्याच्याकडं बघत होता.

“बाथरूममध्ये,” तो म्हणाला. “हेच. मी नववीत होतो. आई अशाच हाका मारत होती. शेवटी शेजारच्या काकांनी दार तोडलं.”

“म्हणजे ती घाबरणार, हे तुला माहीत होतं.”

“माहीत होतं.” आणि मग घाईघाईनं, “पण सर, खरी भीती कुठून आणायची? तुम्हीच म्हणता ना, खोटं पडद्यावर लगेच कळतं. परीक्षक जे शोधतात ते माझ्याकडं आहे. कुणाकडंच नाही ते!”

“आहे,” सर म्हणाले. “म्हणून तर मी मघाशी बोललो नाही. एवढा जबरदस्त शॉट या खोलीत आजवर कुणी आणला नाही.”

शार्दूलला एकदम हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

“आणि कच्चं काय आहे?” त्यानं विचारलं.

“भूत.”

“तो नंतर लॅपटॉपवर घातलाय. एवढा वेळ गेलाय त्याच्यावर, सर...”

“एवढं हाताशी असून वर भूत कशाला लावलंस? हे पुरणार नाही असं वाटलं? की उघडं ठेवायला तूच घाबरलास?”

 शार्दूलनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला आणि भूत काढायला बसला. काळा माणूस गेला. पार्श्वसंगीतातले ढोल गेले, किंकाळी गेली. उरल्या फक्त हाका. त्या त्यानं सुरुवातीपासून ऐकल्या. मध्येच त्याची मान खाली गेली, ती शेवटपर्यंत वर आली नाही.

“पाठवू?” तो पुटपुटला. “वेळ होत आलाय.”

“मला काय विचारतोस? तो चेहरा माझा नाही.”

“ती नाही म्हणाली तर माझ्याकडं सिनेमाच उरत नाही, सर.”

“खरं आहे. उरत नाही.”

शार्दूलनं फोन हातात घेतला. ठेवला. पुन्हा घेतला. बोलताना आवाज नेहमीसारखा राहावा म्हणून तो धडपडत होता. “आई, सतारीच्या दुकानावर ये ना. सिनेमा दाखवायचाय... नाही, काही झालेलं नाही... मी बरा आहे... आई, मी बरा आहे, तू सावकाश ये.”

शोभनाताई आल्या त्या धापा टाकतच. शार्दूलला डोक्यापासून पायापर्यंत बघून झाल्यावरच त्यांनी सरांना नमस्कार केला.

“बसा ताई.”

“माझा गॅसजवळचा सीन ठेवलास ना रे?” त्यांनी विचारलं. “केस नीट नव्हते माझे.”

“ठेवलाय.”

सिनेमा सुरू झाला. स्वतःला बघून त्या लाजल्या, तोंडावर हात घेतला. मग बोळकांडी आली. हात तोंडावरच राहिला. लाजणं मात्र गेलं.

पहिली हाक... दुसरी...

शार्दूल आईकडं बघू शकत नव्हता आणि पडद्याकडंही बघू शकत नव्हता. टेबलाची कड त्यानं घट्ट धरली होती. तिनं ओरडावं, एक थोबाडीत ठेवून द्यावी, असं त्याला वाटत होतं.

फटीत गाल टेकला. डोळा दिसला.

शोभनाताई पुढं झुकल्या. स्वतःच्याच डोळ्यात बघत राहिल्या. सिनेमा संपला, पडदा काळा झाला, तरी तशाच बसून होत्या.

मग त्यांनी फार हळू विचारलं, “तुला ऐकू येत होतं?”

“आई, मी...”

“हेडफोन नव्हते?”

“...नव्हते.”

“सगळं ऐकू येत होतं?”

“हो.”

त्यांनी मान डोलावली. वर्गात एखाद्या पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर डोलवावी तशी. मग उठल्या. सरांना म्हणाल्या, “येते मी.” आणि जिना उतरून गेल्या.



“रागावली का, सर?”

सर गप्प.

“काहीतरी बोलायला हवं होतं तिनं. पाठव म्हणायचं, नाहीतर नको म्हणायचं... काहीही.”

सर गप्प.

लॅपटॉपवर पाठवण्याचं बटण उघडं होतं. शार्दूलचा हात तिथवर गेला. थांबला. त्यानं लॅपटॉप मिटला आणि तो खिडकीशी गेला.

खाली आई स्कूटीपाशी उभी होती. किल्ली लावलेली होती, पण गाडी सुरू केली नव्हती. तिची खिडकीकडं पाठ होती. येणारी-जाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती.

“आई!”

ती वळली नाही.

“आई, वर बघ ना!”

दुकानातल्या माणसानं मान बाहेर काढून वर बघितलं. रस्त्यावरच्या दोघांनी बघितलं. तिनं नाही.

“आई... ए आई...”

त्याच्या आवाजात काहीतरी चिरलं. त्यानं खिडकीचे गज धरले. ती हलत नव्हती. खांदेसुद्धा हलत नव्हते. श्वास चालू आहे की नाही, हे एवढ्या वरून कळत नव्हतं.

सहा वाजून गेले होते. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. तो सरांकडं वळला.

“सर, तिला ऐकू जात नाहीये!”

मुजावर सर उठून खिडकीशी आले. खाली बघितलं. त्याच्याकडं बघितलं. डोक्यावरच्या पंख्याच्या आवाजात हाक बुडू नये म्हणून असेल, बटण दाबून पंखा बंद केला.

“ऐकतेय ती,” सर म्हणाले. “तू हाका थांबवू नकोस.”