परमुलखातलं घरचं मैदान

"मला धुकेबेटावर घरचं मैदान हवं!" सोनकड्याचे राजे दुर्जयसिंह सिंहासनावर मूठ आपटून ओरडले.

धुकेबेट म्हणजे समुद्रापलीकडचा देश. सोनकड्याचा क्रिकेट संघ मायदेशी एकही कसोटी हरत नसे आणि धुकेबेटावर एकही जिंकत नसे. सात वेळा गेले, सातही वेळा मार खाऊन आले. आठवी कसोटी पाच महिन्यांवर आली होती. त्यातच कुणा पंडिताने राजांना सांगितलं, की घरच्या मैदानाचा फायदा फार मोठा असतो. पंडित सांगून मोकळा झाला, राजांनी मात्र ते मनावर घेतलं.

"मोठा फायदा आहे ना? मग तो सोबत न्या! गोंदाजी माळ्याला बोलवा!"

गोंदाजी तीस वर्षं मैदानाची निगा राखत होता. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, पाणी मारायचा आणि मैदानालगतच्या दोन खोल्यांत राहायचा.

"गोंदाजी, धुकेबेटावर आमच्या खेळाडूंना घरच्या मैदानावर खेळल्यासारखं वाटलं पाहिजे. हरले, तर तुझी नोकरी गेली आणि खोल्याही खाली करायच्या!"

मैदान म्हणजे काय वळकटी आहे, गुंडाळून न्यायला? असं गोंदाजीला विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते, "जी, म्हाराज."

घरी येऊन तो डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक सगुणा म्हणाली, "आबा, तुमी रूळ वढा. ह्ये माज्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी ती खेळाडूंकडे गेली. कप्तान होते राजांचे मेहुणे, धैर्यशीलराव.

"सरकार, तिकडं सात येळा हरलासा, ते कशानं वो?"

हरण्याची कारणं सांगण्यात हे अकरा जण कधीच कमी पडत नसत!

"अगं, खेळपट्टीवर एवढालं गवत! चेंडू कुठून कुठे वळेल, पत्ता नाही!"

"थंडीनं बोटं आखडतात. झेल धरायचा कसा?"

"जेवायला उकडलेला बटाटा. तोही अळणी!"

"आणि तिथले लोक! चौकार मारला की गप्प, बाद झालो की नाचतात!"

सगुणा एकेक कारण बोटांवर मोजत होती. "आनि काय?"

"एवढं पुरे नाही?" धैर्यशीलराव खेकसले. "तुला गं काय कळतंय त्यातलं?"

"काय बी न्हाई, सरकार. म्हनून तर इचारतीया."

मग तिने राजांकडून हुकूम लिहून घेतला, 'चार महिने मैदानावर सगुणा म्हणेल ते.' राजे हुकमावर शिक्का मारून शिकारीला निघून गेले, आणि इकडे धमाल सुरू झाली!

खेळपट्टीवर गवत वाढलं. सरावाआधी प्रत्येकाचे हात बर्फाच्या बादलीत! दुपारी मटणाच्या रश्श्याऐवजी उकडलेला बटाटा. मीठ? मीठ कुलपात! सीमारेषेवर बाजारातल्या चाळीस भाजीवाल्या आणून बसवल्या. चौकार गेला की त्या तोंडाला पदर लावून गप्प. त्रिफळा उडाला की टोपल्या बडवून नुसता कल्ला! बायकांना हे काम एवढं आवडलं, की खेळाडूंच्या आधी त्याच हजर होऊ लागल्या.

पहिल्या महिन्यात धैर्यशीलरावांच्या धावा शून्य, शून्य, दोन आणि पुन्हा शून्य. राव मीठ-मीठ करत रडकुंडीला आले. तिसऱ्या महिन्यात त्यांची बॅट सरळ येऊ लागली. चौथ्यात त्यांनी शतक ठोकलं, आणि भाजीवाल्या चिडीचूप बसलेल्या बघून खूश झाले.

बोट सुटायच्या आदल्या दिवशी राजे परतले. मैदान बघून त्यांच्या मिशा थरथरल्या.

"अगं, मी घर तिकडे न्यायला सांगितलं होतं! तू तर आम्हाला इथल्या घरातूनही हाकललंस! हे चाललंय काय?"

"बांधाबांध, म्हाराज!"

"मग सामान कुठंय?"

"ह्ये काय, अकरा नग हुबं हायती की!"

"हरू दे, मग बघतो तुम्हा बापलेकीला!" राजे गरजले.

गोंदाजीने त्याच दिवशी भांडी पोत्यात भरायला घेतली. सगुणा वरवर हसत होती, पण आतून तिलाही धाकधूक होती. तिची आई त्याच खोल्यांत वारली होती. ते घर सुटलं असतं तर सगुणाला सोसलं नसतं.

महिन्याने तार आली. 'चौथ्या दिवशीच सोनकडा सहा गडी राखून विजयी!' राजांनी तार तीनदा वाचली. तिच्यामागोमाग संघ परतला, आणि त्याच्यासोबत धुकेबेटाच्या कप्तानाचं पत्र आलं. राजांनी सगुणाला दरबारात बोलावून ते मोठ्याने वाचलं:

'महाराज, आमची तक्रार आहे. मैदान आमचं, गवत आमचं, थंडी आमची, पण तोरा सगळा तुमच्या खेळाडूंचा! आमच्या लोकांनी हुर्यो केली, तर तुमचे कप्तान म्हणाले, "आवाज अजून हवा!" बटाट्यात चिमूटभर मीठ पडलं, तर त्यांनी आमच्या आचाऱ्याला झापलं! पाहुणे ते होते की आम्ही, तेच कळेनासं झालं!'

"सगुणा!" राजे म्हणाले. "बोटीत तर मूठभर मातीसुद्धा नव्हती. मग तू घरचं मैदान तिकडे नेलंस कसं?"

"न्हेलंच न्हाई, म्हाराज! इथलं तिकडं न्यायचं अवघड, म्हनून तिकडचंच इकडं आनलं. चार म्हैनं तुमच्या गड्यांस्नी परमुलखात ठिवलं, आन् मग बोटीत बसवून घरी धाडलं!"

राजे असे हसत सुटले, की मुकुट घरंगळून मांडीवर आला!

"गोंदाजीची नोकरी कायम! खोल्या तुझ्या नावावर! आणि आजपासून संघ तुझ्या हुकमात. तुला विचारल्याशिवाय आमचे मेहुणे पाणीही पिणार नाहीत!"

"पानी पिऊ द्या की, म्हाराज," सगुणा म्हणाली. "हरल्यावर कारनं सांगायच्या आधी इचारलं, तरी बास!"

दरबारात हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसले ते धैर्यशीलराव.