पेवातली पंगत

एका राज्यात भाद्रपद शुद्ध चतुर्थीला सकाळपासून भुरभुर पाऊस होता, वारा पश्चिमेचा, आणि माध्यान्हीला अर्धी घटका उघडीप झाली. त्या उघडिपीत राजमाता पाटावरून उठल्या, अंगण ओलांडून वावरात गेल्या आणि पेवाच्या तोंडातून खाली उतरल्या. शिडी नव्हती, दोर नव्हता. पायऱ्या असाव्यात तशा त्या उतरल्या.

त्यांना हाक आली होती. "सासूबाई, पान वाढलंय, चला जेवायला." हाक सगुणाराणीच्या आवाजात होती. सगुणाराणी तेव्हा स्वयंपाकघरात चूल पेटवत होती आणि तिच्या तोंडात फुंकणी होती.

पेव म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले कोठार. तोंड माणूस मावेल एवढे, पोट मोठे. हे पेव कोणी खणले ते कोणाला ठाऊक नव्हते. त्याच वर्षी वैशाखात राजा कीर्तिसेनाने रिवाजाप्रमाणे नांगराचे पहिले तास धरले, फाळ दगडाला लागला, दगड सरला आणि आत काळा दाणा दिसला. दाणा कितीही काढला तरी सरत नव्हता. शिजवला की ज्याला जे हवे ते त्याच्या ताटात होई. राजाला ज्येष्ठात हुरडा मिळे, त्याचा धाकटा भाऊ भानुसेन याला आषाढात आमरस, आणि राजकन्या शेवंतीला रोज पुरणपोळी.

त्या घराण्याचा जुना रिवाज असा की मुदपाकखाना केवढाही असो, घरच्या पंक्तीचे राणीने आपल्या हाताने रांधायचे, आणि आपल्या मातीत त्या ऋतूला जे येते तेच रांधायचे. राजा म्हणाला, "सगुणा, आता कशाला हाताला चटके? दाणा टाक आणि झाकण ठेव." राणीने दाणा टाकला आणि झाकण ठेवले. चार महिने पंक्तीत कोणी 'नको' म्हटले नाही, कोणी 'पुरे' म्हटले नाही. भांड्यात कणही उरत नसे. त्यामुळे सर्वांच्या मागून जेवणाऱ्या राणीला त्यातले काही मिळत नसे. ती आपली भाकरी थापून खाई.

राजमाता उतरल्या त्या दिवशी, आणखी कोणी उतरू नये म्हणून, राजाने शंभर माणसे लावून दगड तोंडावर लोटला. माणसे वळताच दगड सरकून बाजूला, आपल्या जागेवर गेला. दुसऱ्यांदा लोटला, दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा माणसे दगडाला हात लावीनात.

तेव्हा बांधावरून एक टिटवी चालत आली.

"राजा, दगड कशाला लोटतोस? दगड त्याचाच आहे."

"तू कोण?" राजाने विचारले.

"वैशाखात तुझ्या पहिल्या तासाखाली माझी चार अंडी गेली. तू ऐटीत पुढे बघत होतास, तुला खालचं कसं दिसणार?"

राणी पुढे झाली. "बाई, आमच्या सासूबाई कुठे आहेत?"

"पंक्तीत. मी झाडावर बसत नाही, भुईवर बसते, म्हणून मला भुईखालचं ऐकू येतं. खालचा धनी वाढतो आहे. ज्याने त्याचं अन्न खाल्लं त्याचं नाव त्याच्याकडे आहे. एका ऋतूला तो एकाला बोलावतो; दिवस मला आधी ऐकू येईल, मी सांगेन. पहिली तुझी सासू, मग तुझा दीर, मग तुझी लेक. राजा शेवटी."

"उपाय?"

"तीन ऋतूंची तीन जेवणं पेवाच्या तोंडाशी रांध आणि आपल्या माणसाला हाक मार. हाक ओळखली तर माणूस वर येईल. पण नांगराचा फाळ त्याच्या दगडाला लागला, तेव्हापासून या राज्यात जेवढी जमीन फाळाने उकरली तेवढी त्याची. फाळ न लागलेल्या मातीत उगवलेलं तेवढंच तुझं. त्याचं काडीभर जरी तुझ्या चुलीपाशी आलं, तरी तुझी हाक त्याच्या हातात जाईल."

"आणि तुला काय हवं?" राजाने विचारले.

"या पेवाभोवतीचा पट्टा नांगरू नकोस. मला अंडी घालायची आहेत."

पंचमीला पाऊस थांबला नव्हता. राणी पहाटे परसात गेली. अळूची पाने काढली, कुंपणावरचा भोपळा काढला. बांधावरचा टाकळा आणि कुरडू खुडला. डोंगरउतारावर कुदळीने पेरणाऱ्या बायकांकडून वरी मागून आणली. चिंचेच्या वाळक्या फांद्या तिने आपण तोडल्या. पेवाच्या तोंडाशी तीन दगडांची चूल मांडली आणि वर ताडाच्या पानांचे छप्पर धरले.

पेवात उतरण्याआधी दिवा सोडून पाहतात; आतली हवा वाईट असली तर दिवा विझतो. राणीने दिवा दोरीने सोडला. तो सात हातांवर विझला.

भाजी शिजली. राणीने हाक मारली, "सासूबाई, पान वाढलंय, चला जेवायला." त्याच क्षणी खालून तेच शब्द, त्याच आवाजात आले. राणीला आपल्या आवाजाचे भय वाटले. तिने पुन्हा हाक मारली नाही. भांड्याच्या तोंडावरचे झाकण काढले आणि वाट पाहिली.

दोन घटकांनी राजमातांचे डोके पेवाच्या तोंडातून वर आले. त्या पानावर बसल्या, जेवल्या आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

"हो सासूबाई," राणी म्हणाली आणि रडली.

"खाली कोण आहे, आईसाहेब?" राजाने विचारले.

"लांबच लांब पंगत आहे. जुनी माणसं आहेत. काहींच्या मांड्यांतून मुळं जमिनीत गेली आहेत. सगळे जेवतात. कोणी उठत नाही." त्यांनी पदराने तोंड पुसले. "तिथे कशालाच वास नाही. मला अळूचा वास आला, म्हणून मी उठले."

त्या दिवसापासून काळा दाणा कोणी काढला नाही.

पौषात भोगीच्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि दव इतके की छपराच्या वळचणीतून पाणी ठिबकत होते. भानुसेन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"वहिनी, आज माझी पाळी ना? मग भाजीत बोरं जरा जास्त टाका. तेवढं खालून येण्याचं सार्थक होईल."

"भाऊजी, थट्टा नको."

"थट्टा नाही केली तर पाय कापतात," भानुसेन म्हणाला.

"या भाऊजी, भाकरी तव्यावर आहे," असा राणीचा आवाज वावरातून आला. राणीने दोन्ही हातांनी आपले तोंड दाबून धरले होते, तरी आला. भानुसेनाने पागोटे काढून वहिनीच्या हातात दिले आणि तो चालत गेला.

राणीची तयारी होती. कुंपणावरच्या वालाच्या शेंगा होत्या, शेवगा होता, बोरे होती, परसात हाताने लावलेली वांगी होती. कुदळीच्या उतारावरचे तीळ आणि नाचणी होती. एकेक जिन्नस तिने स्वतः आणला होता आणि कुठून आणला ते मनात दोनदा म्हटले होते. दिवा पाच हातांवर विझला.

लाकडे दवाने भिजली होती. चूल पेटेना. राणी गोठ्याकडे धावली, तिथल्या ढिगातून काड्यांची एक पेंढी ओढली, चुलीत सारली, आणि जाळ धरला. भाजीला वास सुटला. तिने हाक मारली.

भानुसेनाचा उजवा हात पेवाच्या कडेवर आला. बोटांनी दगड धरला. मग हात थांबला.

खालून कोणीतरी हसले. आता आवाज राणीचा नव्हता, कोणाचाच नव्हता. "तूर चांगली पिकली होती यंदा," तो म्हणाला.

राणीने चुलीकडे पाहिले. पेंढी तुऱ्हाट्यांची, तुरीच्या वाळल्या काड्यांची होती. तूर नांगरलेल्या रानातली होती. जन्मभर ओली चूल तिने तुऱ्हाट्यांनीच पेटवली होती, आणि हात सवयीने गेला होता. चुलीचा धूर वर जात नव्हता. तो जमिनीवरून सरपटत पेवात उतरत होता, आणि धुराबरोबर भाजीचा वास उतरत होता.

हात कडेवरून निसटला.

टिटवी लांब उभी होती. "आता त्याच्याकडे वासही आहे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून चालू लागली.

तेव्हापासून रोज माध्यान्हीला वावरातून फोडणीचा वास येई. हात सगुणाराणीचाच; हिंग किती, मोहरी कधी, सगळे तसेच. माणसे कामे टाकून त्या दिशेला पाहत आणि मग माना खाली घालत. एके दिवशी शेवंती अंगणात सागरगोटे खेळताना म्हणाली, "आई, आज खाली काय केलंयस?"

त्या दिवशी राजा राणीजवळ येऊन बसला.

"सगुणा, मी काय करू?"

"महाराज, कुदळ घ्या."

राजाने कुदळ घेतली. राजवाड्यामागे कधी न नांगरलेला माळ होता. राजाने माघात त्यातला बारा हात लांब, आठ हात रुंद तुकडा खणला, दगड वेचले, मूग पेरले. घागरीने पाणी घातले. त्याच्या तळहातांना फोड आले. राजमाता बांधावर बसून सांगत, "अरे, वाकून खण. सिंहासनावर बसल्यासारखा कुदळीवर काय बसतोस?" चैत्र सरता सरता मूग निघाले, ते एका सुपात मावले.

वैशाख शुद्ध तृतीयेला ऊन कडक होते, वारा पडला होता, पान हालत नव्हते. राणीने मूग भिजवून वाटले आणि घावने घातली. मोहाच्या बियांचे तेल घेतले. रानातला मध घालून कैरीचे पन्हे केले. बांधावरच्या झाडाचा कोवळा फणस कापला आणि त्याची भाजी केली, कारण त्या तिथीला फाळ न लागलेल्या मातीत दुसरी भाजी नव्हती. जळणाची प्रत्येक काडी तिने हातात घेऊन पाहिली. दिवा सोडला. तो दोन हातांवर विझला.

राजाने शेवंतीला शेजारी बसवून तिचा हात घट्ट धरला होता.

"शेवंते, पुरणपोळी आहे गं. तूप वाढलंय. ये." आवाज राणीचा होता, आणि पेवातून पुरणाचा, वेलदोड्याचा, कढत्या तुपाचा वास वर आला.

राजाच्या हातात शेवंतीच्या बांगड्या राहिल्या. ती पेवाच्या तोंडाशी पोचली होती. ती आईकडे पाहून हसली आणि उतरली.

राणीने हाक मारली, "शेवंते, पान वाढलंय, वर ये."

"शेवंते, पान वाढलंय, बस," खालचा आवाज म्हणाला.

"घावने आहेत, गरम."

"घावने आहेत, गरम. पन्हं आहे. तुला आवडतं ते सगळं आहे."

फणसाच्या भाजीचा वासही खालून आला. राजाने राणीकडे पाहिले. टिटवी बांधावर एका पायावर उभी होती.

राणी पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसली. तिने आवाज गोड केला नाही. रोज पंक्तीला बोलवावी तशी हाक मारली.

"शेवंते! फणसाची भाजी आहे. तुला आवडत नाही ती. दुसरी केलेली नाही. मुकाट्याने वर ये, हात धू, आणि खा."

खाली शांत झाले. खालच्या आवाजाने हे शब्द म्हटले नाहीत. न आवडणारे कोणाला वाढणे त्याला येत नव्हते.

मग पेवाच्या तळातून, लांबून, रागावलेला आवाज आला.

"मला नको फणस!"

त्या पंक्तीत तो शब्द कधी उच्चारला गेला नव्हता. भांडे पडल्यासारखा आवाज झाला. शेवंतीच्या शेजारचे कोणी जुन्या, कोरड्या आवाजात म्हणाले, "पुरे." त्याच्या पलीकडचा म्हणाला, "पुरे." मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, असा शब्द दूर दूर गेला.

"अजून थोडं घ्या," खालचा धनी म्हणाला. "अजून घासभर." कोणी घेतले नाही. तो आणखी दोनदा म्हणाला. मग ते बोलणे थांबले.

राणीने चौथ्यांदा दिवा सोडला. तो तळापर्यंत गेला आणि जळत राहिला. त्या उजेडात जुनी माणसे मातीची झालेली दिसली, आणि काळा दाणाही मातीचा झालेला दिसला. राजाने दोर सोडला. आधी शेवंती वर आली. तिच्या मागून भानुसेन आला.

"वहिनी, माझं पागोटं कुठे आहे?" त्याने विचारले.

पंगत पेवाच्या तोंडाशीच बसली. राणी सर्वांबरोबर जेवली. शेवंतीने घावने चार खाल्ली, फणसाची भाजी खाल्ली नाही. भानुसेनाचा उजवा हात मनगटापर्यंत मातीच्या रंगाचा राहिला. राजाने पेव हाताने बुजवले. त्याला एकवीस दिवस लागले. भोवतीचा पट्टा नांगरला नाही. पुढच्या वैशाखात टिटवीने तिथे चार अंडी घातली. चारही अंड्यांतून पिल्ले निघाली.