काडी ओढणारा मणी

सरका रे जरा, पांघरूण घ्या नीट. तर डोंगरापलीकडे होता एक राजा, आणि राजाहून वरचढ होती त्याची आई. ती म्हणेल ती पूर्व दिशा, बरं का.

राजानं लग्न केलं. नवरी मेघावती, पार समुद्रापलीकडची. तिच्या गळ्यात माहेरी तिच्या आईनं दिलेली माळ. मणी मधाच्या रंगाचे, हाताला कोमट लागणारे. एका मण्यात तर मुंगी बसलेली, पाय पसरून.

त्या घराण्याची रीत अशी, की नवरीचा दागिना आधी पारखायचा. खोटा निघाला तर नवरी परत माहेरी. मेघावतीला राजा फार आवडला होता. तरी तिनं माळ काढून सासूबाईंच्या हाती दिली.

मग आले दाजीशेट सोनार. त्यांनी एक मणी दगडावर घासला. मण्याला चरा पडला. मग मिठाच्या पाण्यात टाकला. मणी आपला तरंगतोय. मग चिमट्यात पकडून निखाऱ्यावर धरला. आणि काय सांगू, मणी पेटला की! देवघरात ऊद जाळल्यासारखा वास सुटला.

"खडा कधी जळतो का?" दाजीशेट म्हणाले. "खोटी माळ, आईसाहेब."

सासूबाईंनी मान खाली घातली. त्यांनाही सून आवडली होती हो, पण रीत म्हणजे रीत. त्यांनी पालखी मागवली. राजा बिचारा खांबाला टेकून उभा.

मेघावती म्हणाली, "आईसाहेब, हा खडा नाहीच. फार जुन्या झाडाचा डिंक आहे. जमिनीत पडून पडून घट्ट झालाय. तुम्ही झाडाला दगडाची परीक्षा लावलीत. आमच्याकडे याची पारख निराळी करतात."

मग तिनं दुसरा मणी रेशमी पदरावर खसाखसा घासला आणि केरसुणीच्या काडीच्या तुकड्याजवळ नेला. तुकडा टुणकन उडून मण्याला चिकटला. सासूबाईंनी आपली सोन्याची पाटली घासून पाहिली. तुकडा ढिम्म हलेना.

"चुकलं माझं," दाजीशेट म्हणाले.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "सुटले ग बाई," त्या म्हणाल्या. "केव्हाचा जीव टांगणीला लागला होता." राजा तर लहान मुलासारखा हसायला लागला. पालखी रिकामीच परत गेली.

मग काय, गावातल्या बायकांना तसलेच मणी हवे झाले. कुणी कानात घातले, कुणी देव्हाऱ्याला जडवले. गवताची काडी ओढतो म्हणून लोक त्याला तृणमणी म्हणू लागले.

आणि सुनेच्या माळेत एक मणी कमी झाला होता ना? सासूबाईंनी पाटली मोडली, तिचा सोन्याचा मणी घडवला आणि स्वतःच्या हातानं त्या जागी ओवला. "आता ही माळ आपल्या दोघींची," त्या म्हणाल्या.

ती सगळी सुखानं नांदली. तुम्हीही डोळे मिटा बघू आता.