साळूचा प्रश्न

माणसाची वाट रानात पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. अस्वलराजा एकदा भांगेचा अख्खा भारा खाऊन ओढ्यात पडला. दुसऱ्या दिवशी त्याने भांगेवर बंदी घातली. पान तोडेल त्याला रानाबाहेर हाकलायचं! मोहाची फुलं मात्र तो दर वसंतात झिंगेपर्यंत खाई.

साळूच्या पिल्लाला आकडी येई. भांगेचा रस चाटवला की ती थांबे. म्हणून साळू जीव मुठीत धरून कोल्ह्याकडे जाई. तो चोरून पानं आणी, त्यांत भर म्हणून विषारी धोतरा मिसळी आणि बदल्यात तिची साठवलेली कंदमुळं नेई. आता तिचं बीळ रिकामं झालं होतं. धोतऱ्यामुळे पिल्लू एकदा मरता मरता वाचलं होतं.

शेवटी पिल्लाला घेऊन ती दरबारात उभी राहिली. भीतीने तिचे काटे खुळखुळत होते.

"महाराज, बंदी उठवा. वैद्यीण खारूताईने पानं तपासावीत, मगच ती उघड विकावीत. विक्रीतला वाटा तुम्ही घ्या. दुष्काळासाठी कोठार भरेल."

"अगं बाई, रान नासेल की!" सगळ्यांच्या आधी कोल्हाच ओरडला. "महाराज, बंदी हवीच!"

साळू चमकली. तिने घाबरतच विचारलं, "कोल्होबा, बंदी उठली तर माझं पिल्लू जगेल. तुमचं काय मरेल?"

सगळा दरबार कोल्ह्याच्या सुटलेल्या पोटाकडे बघू लागला. राजाने मोहाने चिकट झालेला पंजा पाठीमागे लपवला.

"बघू," तो म्हणाला, "पुढच्या वसंतात."

साळूच्या पायाशी पिल्लू ताठ होऊ लागलं होतं.